सायकलीत हवा किती भरावी? अंगठा, व्हॉल्व्ह आणि एका पंपाचा इतिहास (थ्रेड)

१/२४
"ताई, सायकल जड झालीय."

गेल्या दिवाळीत आजोळी, निमगाव केतकीला गेले होते. आठवीतल्या मामेबहिणीने सायकलीवरून शाळेला जाणे सोडले होते आणि त्याचे हे कारण तिने सांगितले. वस्तीपासून शाळा चार किलोमीटर. सायकल जेमतेम दोन वर्षांची. साखळीला तेल होते, ब्रेक नीट लागत होते. मी मागच्या टायरवर अंगठा दाबला आणि तो थेट रिमपर्यंत गेला. सायकलीला दुसरे काहीही झालेले नव्हते. तिच्यात हवा नव्हती. आजचा थ्रेड या हवेच्या इतिहासावर आहे.

२/२४
एरवी आपण येथे किल्ले, शिलालेख, बखरी यांविषयी बोलतो. मग टायरमधील हवा कशासाठी? कारण "हवा किती भरावी?" या साध्या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे इतिहासाने आपल्याला दिली आहेत: टायरवर छापलेला आकडा, प्रयोगशाळेतला आकडा आणि पंक्चरवाल्याचा अंगठा. माझे मत आरंभीच मांडते. योग्य हवा ठरते ती भार, रस्ता आणि टायर यांच्या मेळातून, आणि हा मेळ आपल्या खेड्यांत गेली कित्येक दशके अंगठ्याने सांभाळला. तो अंगठा आणि त्याच्या शेजारचा पंप आता नाहीसा होत आहे. त्याची किंमत शाळकरी मुली मोजत आहेत.

३/२४
निमगाव केतकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातले, बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे मोठे गाव. खाऊच्या पानांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे असे मुक्काम करीत येथे विसावते आणि पुढे इंदापूरला जाते. पण गावाची खरी वस्ती गावठाणात मावत नाही. ती मळ्यामळ्यांत, कालव्याच्या कडेने, मातीच्या आणि खडीच्या वाटांवर पसरलेली आहे. एसटी हमरस्त्याने जाते, वस्तीवर येत नाही. वस्ती ते हमरस्ता हे मधले अंतर एकेकाळी सायकलीने तोडले जात असे.

४/२४
माझे आजोबा याच वाटेने रोज पहाटे दूध संकलन केंद्रावर जात. करिअरच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन. दुधाचेच वजन एक्केचाळीस किलो, कॅनचे वेगळे. आजी सांगते की, निघण्यापूर्वी ते दोन्ही टायरांवर अंगठा दाबून पाहात, जसा भाकरी करताना तवा तापला की नाही हे आपण हाताने अजमावतो तसा. त्यांना आकडा ठाऊक नव्हता. मात्र मागच्या चाकात कमी हवा घेऊन गेले तर खडीवर ट्यूब जाते आणि दूध नासते, एवढे पक्के ठाऊक होते. त्यांच्या दृष्टीने योग्य हवा म्हणजे त्या दिवशीची मजुरी.

५/२४
आता जरा मागे जाऊ. सायकल आली तेव्हा तिच्यात हवा नव्हतीच. १८६०च्या दशकातल्या सायकलींना लाकडी चाके आणि लोखंडी धावा असत. इंग्लंडमध्ये त्यांना मिळालेल्या टोपणनावाचा अर्थच 'हाडे खिळखिळी करणारी' असा होता. पुढे भरीव रबर आले. हवेची कल्पना मात्र त्याही आधीची आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्येच हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले होते. ते घोडागाड्यांसाठी होते. कल्पना उत्तम होती, पण तिला ग्राहक मिळाला नाही आणि ती विस्मृतीत गेली.

६/२४
१८८७ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हाच शोध नव्याने लावला. त्याने एका लाकडी चकतीवर पातळ रबराची नळी बसवून तीत हवा भरली, तिच्यावर कापड गुंडाळले आणि ती चकती व तीनचाकीचे जुने चाक अंगणात ढकलून पाहिले. जुने चाक लवकरच थांबले. हवेचे चाक पुढे जात राहिले. १८८८ मध्ये त्याला पेटंट मिळाले. लक्षात घ्या, डनलॉपने आधी किती दाब हवा असे गणित मांडले नाही. त्याने चाक ढकलले आणि ते कुठवर जाते ते पाहिले. हवेच्या टायरचा इतिहास अजमावण्यातून सुरू होतो.

७/२४
१८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतींत विली ह्यूम हा स्पर्धक हवेचे टायर लावून उतरला आणि जिंकला. त्या फुगीर चाकांना आधी हसणारेच पुढे ती विकत घेऊ लागले. थोड्याच काळात थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉपचा मूळ हक्क रद्द ठरला. त्यामुळे अनेक कारखाने या धंद्यात उतरले, टायर स्वस्त झाले आणि १८९०च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलीची लाट उसळली. पेटंट पडले नसते तर सायकल कदाचित आणखी काही वर्षे श्रीमंतांचीच राहिली असती, असे मला वाटते.

८/२४
आपल्याकडचा धागा येथेच जुळतो. डनलॉपला पेटंट मिळाले त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान सुरू केले. किर्लोस्कर समूह आपला आरंभ याच वर्षापासून मोजतो. लोखंडी नांगर आणि १९१० सालची किर्लोस्करवाडी या गोष्टी नंतरच्या. मराठी मुलुखातल्या एका फार मोठ्या उद्योगाची सुरुवात सायकल विकण्या-दुरुस्त करण्यातून झाली, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच कारागिरीची सर्वांत तळची पायरी, म्हणजे चौकातला पंक्चरवाला, आपल्या उद्योगाच्या इतिहासात कुठेच येत नाही.

९/२४
आणखी एक गोष्ट न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. हवा फुकट असते, पण तिला कोंडून ठेवणारे रबर फुकट नव्हते. १८९०च्या दशकात टायरांमुळे रबराची मागणी भडकली आणि बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खासगी सत्तेखालच्या काँगोत रबर गोळा करण्यासाठी लोकांवर भीषण अत्याचार झाले. १९०४ च्या केसमेंट अहवालाने ते जगापुढे आणले आणि १९०८ मध्ये तो प्रदेश राजाच्या हातून काढून बेल्जियमच्या सरकारकडे गेला. सायकल हे मुक्तीचे वाहन म्हणून आपण गौरवतो. त्या मुक्तीचे बिल दुसऱ्या कोणी तरी चुकते केले होते.

१०/२४
भारतात आरंभी सायकली आणि टायर दोन्ही आयात होत. १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना सुरू झाला आणि टायर येथे बनू लागले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, स्वातंत्र्यानंतर सोनीपतला ॲटलस, मद्रासला टी.आय., १९५६ मध्ये लुधियानाला हिरो असे कारखाने उभे राहिले. काळी, उंच, दांड्याची सायकल खेड्यात पोहोचली ती या काळात. तिचे टायर २८ इंची, दीड इंच रुंद. आजोबांची सायकल याच घराण्यातली. या टायरची रुंदी ध्यानात ठेवा. पुढच्या हिशेबात ती लागेल.

११/२४
आता हवा नेमके काय करते ते पाहू. टायर जमिनीला टेकतो तेवढ्या ठशाचे क्षेत्रफळ साधारणपणे भार भागिले दाब एवढे असते (टायरच्या अंगच्या ताठरपणाचा हिशेब सोडला तर). साठ किलोचा माणूस आणि वीस किलोची सायकल मिळून ऐंशी किलो. त्यातला सुमारे साठ टक्के भार मागच्या चाकावर, म्हणजे ४८ किलो, पुढे ३२. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो (सुमारे ४३ पौंड) असेल तर मागचा ठसा १६ चौरस सेंटिमीटरचा, पुढचा ११ चा. दोन्ही चाकांत सारखी हवा भरणे चूक का, याचे उत्तर येथेच मिळते.

१२/२४
आजोबांच्या मागच्या चाकावर दुधासह ८९ किलो भार येई. त्याच हवेत ठसा ३० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. तो पुन्हा १६ वर आणायचा तर सुमारे ७९ पौंड हवा हवी, आणि साध्या दांड्याच्या सायकलीच्या टायरला ती झेपणारी नव्हे. म्हणून ते मागचे चाक झेपेल तितके टणक ठेवीत आणि खड्ड्याआधी उतरून सायकल हाती धरीत. हवा कमी असली की खड्ड्यात टायर पूर्ण दबतो, रिमच्या दोन कडा ट्यूबला चिमटा घेतात आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतात. आजी ज्याला 'ट्यूब जाणे' म्हणते ते हेच.

१३/२४
मग जास्तीत जास्त हवा भरावी हेच खरे का? मीही असेच समजत होते. दोन वर्षांपूर्वी बारामतीहून निमगावला माझ्या बारीक टायरांच्या सायकलीवर आले. टायर २८ मिलिमीटरचे. कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या अगदी जवळ, ११० पौंड हवा भरली होती. डांबर होते तोवर ठीक चालले. वस्तीच्या खडीवर वळताना ब्रेक लावला तशी दगडासारखी कडक झालेली मागची चाकी उडून बाजूला गेली आणि मी मनगटावर पडले. प्लास्टर तीन आठवडे हातावर राहिले. टायरवर छापलेली ती कमाल मर्यादा होती. मी ती शिफारस म्हणून वाचली होती.

१४/२४
छापील मजकूर कसा वाचू नये याचा तो माझा धडा. फर्मानात लिहिलेला सारा प्रत्यक्षात वसूल झालेला सारा नसतो, हे आपण वर्गात शिकतो. टायरच्या बाबतीत मात्र विसरतो. तो आकडा अमुक हवेच्या पुढे टायर धोक्यात येईल एवढेच सांगतो. तुमचे वजन किती, करिअरवर काय आहे, रस्ता डांबरी की मातीचा, यांतले काहीही त्या छापणाऱ्याला ठाऊक नसते.

१५/२४
जास्त हवा म्हणजे जास्त वेग हा समज प्रयोगशाळेतूनही आला. गुळगुळीत पोलादी पिंपावर चाक फिरवून मोजले की हवा वाढेल तसा अडथळा कमी होतो. पण रस्ता पिंपासारखा नसतो. टायर कडक असला की प्रत्येक खडा सायकलीला आणि स्वाराच्या शरीराला वर उचलतो आणि त्या हादऱ्यांत शक्ती वाया जाते. अमेरिकेतील बायसिकल क्वार्टर्ली या नियतकालिकाने प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेऊन हे दाखवले. फ्रान्समधील पॅरिस-रूबे ही शर्यत १८९६ पासून होते. दगडी फरसबंदीच्या त्या वाटांवर अव्वल स्पर्धक आजही रुंद टायर लावतात आणि हवा मुद्दाम कमी ठेवतात.

१६/२४
मग मोजायचे कसे? फ्रँक बर्टो या अमेरिकन तंत्रलेखकाने एक सोपा निकष रूढ केला: स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबला पाहिजे. दीड इंची टायरची उंची ३७-३८ मिलिमीटर धरली तर सुमारे साडेपाच मिलिमीटर. याहून जास्त दबला तर हवा कमी. मुळीच दबला नाही तर जास्त. या निकषाची मौज अशी की त्यात दाब मोजण्याचे यंत्रच लागत नाही, शाळेच्या दप्तरातली मोजपट्टी पुरते. आपल्या सायकलींच्या बाबतीत ही गोष्ट फार मोलाची आहे. का, ते आता पाहू.

१७/२४
आपल्या साध्या सायकलीच्या ट्यूबवरचा व्हॉल्व्ह नीट उघडून पाहिला आहे का? आत एक बारीक धातूची नळी, तिच्या बाजूला सुईएवढे छिद्र आणि त्यावर चढवलेली रबराची छोटी नळी: व्हॉल्व्हट्यूब. पंपाने हवा ढकलली की रबर किंचित फुगते आणि हवा आत शिरते. ढकलणे थांबले की आतली हवाच रबराला छिद्रावर दाबून धरते. १८९०च्या दशकाच्या आरंभीची ही रचना वुड्स किंवा डनलॉप व्हॉल्व्ह म्हणून ओळखली जाते. हिला सुटे भाग कमी आणि दुरुस्ती काही पैशांत होते. खेड्यासाठी याहून सोयीचे काही नव्हते.

१८/२४
पण या रचनेची एक गोम आहे. हवा आत जाते, मोजण्यासाठी बाहेर येत नाही. दाबमापक लावला तरी आतला दाब त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पंपावरचा काटा दाखवतो तो रबराला फुगवण्याचा जोर धरून. म्हणजे आपल्या कोट्यवधी सायकलींत हवा किती आहे हे आकड्यात कळण्याची सोयच मुळात नव्हती. खेड्यातले लोक अडाणी, म्हणून अंगठ्याने मोजतात, असे कोणी म्हणाले तर त्यांना हा व्हॉल्व्ह दाखवा. अंगठ्याचे ज्ञान या यंत्राच्या मर्यादेतून, त्या मर्यादेवरचा उपाय म्हणून घडले. आपल्या विषयात याला वस्तूकडून साक्ष घेणे म्हणतात. पुण्यात कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात जाल तेव्हा चकचकीत सायकलींबरोबर पंप आणि व्हॉल्व्हही पाहून या.

१९/२४
दुसऱ्या घराण्याचा व्हॉल्व्ह ऑगस्ट श्रेडर यांच्या नावाचा, १८९३ च्या पेटंटचा. त्यात मधली पिन दाबली की हवा दोन्ही दिशांनी जाते, म्हणून दाब मोजता येतो. मोटारी आणि मोटरसायकलींनी तो उचलला. आता गावाकडे पाहा. १९७२ मध्ये नगरच्या कायनेटिकची लूना आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची पहिली मोटरसायकल आली आणि हळूहळू पंक्चरच्या दुकानाचा गिऱ्हाईक बदलला. पायाने दाबायच्या पंपाच्या जागी कॉम्प्रेसर आला. त्याच्या नळीचे तोंड श्रेडरसाठी घडलेले. जोडणीवाचून ते आपल्या सायकलीच्या व्हॉल्व्हवर बसत नाही. गावात हवा पूर्वीपेक्षा जास्त झाली, फक्त ती सायकलीला मिळेनाशी झाली.

२०/२४
माझ्या मामेबहिणीची गोष्ट नेमकी हीच. ट्यूबला भोक नसले तरी रबरातून हवा हळूहळू निसटतच असते. दोन-तीन आठवड्यांनी ती भरावीच लागते. तिच्या वाटेवर पंप नव्हता. मोटरसायकलच्या दुकानात तिला "ह्याला बसत नाय" असे सांगून परत पाठवले होते. आता हिशेब पाहा. चाळीस किलोची मुलगी, अठरा किलोची सायकल, मागच्या चाकावर ३५ किलो. योग्य हवा सुमारे ३१ पौंड. तिच्या टायरात जेमतेम दहा पौंड असावेत, म्हणजे ठसा १६ ऐवजी ५० चौरस सेंटिमीटरचा. ती रोज चार किलोमीटर चिखल तुडवावा तशी डांबरावर सायकल ओढत होती.

२१/२४
गावात एक जुने कारागीर उरले आहेत, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्या टपरीबाहेर खांबाला साखळीने बांधलेला पंप अजून आहे. नानांनी आधी चिरलेली व्हॉल्व्हट्यूब बदलली, मग हवा भरली आणि अंगठा दाबत म्हणाले, "म्होरलं मऊ ठिवायचं, मागलं टणक. पोर हलकी हाय, लय नगं." मी मोजपट्टी काढली. रिमची कड जमिनीपासून ३७ मिलिमीटर. येताना ती बसल्यावर हेच अंतर १६ होत होते. आता मागे ३२, पुढे ३१. म्हणजे घट पाच आणि सहा. बर्टोच्या १५ टक्क्यांचे उत्तर साडेपाच. नानांनी बर्टोचे नावही ऐकलेले नाही.

२२/२४
तरीही अंगठ्याची पूजा बांधायची नाही, तेही इतिहासकाराला शोभत नाही. माझ्या बारीक टायरवर नानांचा अंगठा सत्तर आणि एकशे दहा पौंडांतला फरक सांगू शकला नाही. "दगड हाय" एवढेच म्हणाला. त्या टायरला मापकच हवा. "उन्हात हवा फुगून ट्यूब फुटते" ही समजूतही तपासून पाहा. २५ अंशांत भरलेले ५० पौंड टायर ६० अंशांपर्यंत तापला तरी ५८ च्या आसपास जातात. धडधाकट ट्यूब एवढ्याने फुटत नाही. फुटते ती जुन्या पॅचचे सोल्यूशन उन्हाने सुटल्यामुळे किंवा टायरच झिजल्यामुळे. लोकज्ञानालाही उलटतपासणी लागतेच.

२३/२४
कोणी म्हणेल, काळ बदलला, आता घरोघरी मोटरसायकल आहे, सायकलीसाठी एवढा खटाटोप कशाला? मोटरसायकल घरात असते हे खरे, पण ती मामाच्या हाती असते. आठवीतल्या मुलीच्या नाही. कोणी म्हणेल, श्रेडरची ट्यूब घाला. जिथे मिळते तिथे जरूर घाला. पण कॉम्प्रेसरच्या जोराने सायकलीची लहानशी ट्यूब क्षणात फुटू शकते आणि तो कॉम्प्रेसरही वस्तीवर नाहीच. मला वाटते, प्रत्येक शाळेच्या सायकल स्टँडवर साखळीने बांधलेला एक पायपंप, मूठभर व्हॉल्व्हट्यूब आणि भिंतीवर एक मोजपट्टी असावी. खर्च काही शे रुपयांचा. मुलींच्या शिक्षणासाठी सायकली वाटणे आपल्याला सुचते. वर्षभर त्यांत हवा राहील याची सोय करणे सुचत नाही.

२४/२४
आज घरी करून पाहा. मित्राला सायकल धरायला सांगा, रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा, दप्तरासह सायकलीवर बसा आणि पुन्हा मोजा. टायरच्या उंचीच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास घट आली की हवा बरोबर. मग अंगठा दाबून तो टणकपणा लक्षात ठेवा. पुढच्या वेळी मोजपट्टी लागणार नाही. आजोबांना, काकांना विचारा की गावातला पंप कुठे होता, कोणाचा होता, कधी गेला. लिहून ठेवा, कारण हे दुसरीकडे कुठे लिहिलेले सापडणार नाही.

मामेबहीण पुन्हा सायकलीने शाळेत जाते. दर दुसऱ्या रविवारी नानांकडे थांबते. मागच्या फोनवर म्हणाली, "ताई, आता मैत्रिणींच्या टायरवर मीच अंगठा दाबून बघते."